बुलढाण्याचा खारा किनारा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांहून दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. तरीही या जिल्ह्यात एक गाव असं आहे की वेशीवरून पायी निघालं तर थोड्या वेळात खाऱ्या पाण्याच्या काठावर जाऊन उभं राहता येतं. काठाला पांढरा क्षार फुटलेला असतो, ओल्या चिखलाला उग्र वास येतो, उथळ पाण्यात चोची घालत पक्षी फिरत असतात. ते गाव म्हणजे लोणार. महाराष्ट्रात पाहण्यासारखं एकच ठिकाण सांगा असं मला कुणी म्हटलं तर मी विचार न करता याच गावाचं नाव घेतो.

बहुतेक लोक लोणार वरूनच पाहतात. गाडी कड्याशी लावायची, खाली हिरव्या पाण्याचं वर्तुळ बघायचं, फोटो काढायचे आणि शेगावच्या वाटेला लागायचं. वरून दिसतं ते सुंदरच असतं. सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं जवळपास अचूक गोल विवर, काठापासून तळ दीडशे मीटर खोल, उतारांवर दाट झाडी आणि मधोमध तळं. पण लोणारची खरी गंमत उतरताना कळते. कड्यापासून पाण्यापर्यंतच्या त्या उतारावर या जागेची सगळी हकिकत उघडी पडलेली आहे. कुठे काय बघायचं एवढंच ठाऊक हवं.

सुरुवात काठाच्या दगडांपासूनच करावी. हा सगळा मुलूख काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर पसरला आणि दख्खनचं पठार तयार झालं. हे थर साधारणपणे आडवे असतात, रस्त्यासाठी फोडलेल्या कुठल्याही डोंगरात ते दिसतात. लोणारच्या काठावर मात्र थर आडवे नाहीत. ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आणि काही ठिकाणी तर फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलून मागे दुमडावा तसे उलटे पडलेले आहेत. खालचा थर वर, वरचा खाली. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीस-तीस मीटर उंचावलेला आहे तो याच कारणाने. इथला दगड कुणीतरी आतून बाहेर उचकटून फेकला आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळतं.

कुणी फेकला? या प्रश्नाचं उत्तर मिळायला दीडशे वर्षं लागली. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढच्या भूवैज्ञानिकांना हे ज्वालामुखीचं तोंड वाटलं, आणि लाव्ह्याच्याच मुलखातलं गोल भगदाड पाहून दुसरं काही वाटणं कठीणच होतं. 1896 मध्ये ग्रोव्ह गिल्बर्ट या थोर अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या अशाच एका विवराचा विचार करताना लोणारचा दाखला दिला, आणि दोन्ही विवरं जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने झाली असावीत असा कौल दिला. दोन्ही बाबतींत तो चुकला. पण हजारो मैल दूरची ही दोन विवरं एकाच जातीची आहेत, हे मात्र त्याने बरोबर ताडलं होतं.

ज्वालामुखीच्या कल्पनेत एक मोठी अडचण होती. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंडावला होता, आणि लोणारचं विवर त्या मानाने अगदी ताजं दिसतं. त्यातून लाव्हा वाहिल्याची खूणही नाही. मग 1964 च्या सुमारास हे उल्काविवर असावं अशी मांडणी झाली आणि तळ्यात वेधन करून खडकाचे नमुने काढण्यात आले. सुमारे शंभर मीटर गाळाच्या खाली भरडलेला, चिरडलेला बेसॉल्ट लागला, आणि त्यात सापडलं मॅस्केलिनाइट. भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा निष्कर्ष छापला आणि वाद मिटला.

मॅस्केलिनाइटपाशी थोडं थांबायला हवं. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं, त्याचे बारीक स्फटिक असतात. भयंकर दाबाची लाट त्यातून क्षणार्धात गेली की स्फटिकाची आतली रचना मोडते आणि त्याची काच होते, बाहेरचा आकार मात्र तसाच राहतो. असला दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. तो फक्त आकाशातून सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने आलेला दगडच देतो. हा पदार्थ जगात पहिल्यांदा ओळखला गेला तो बिहारमध्ये शेरघाटीजवळ 1865 साली पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरची होती, हे कितीतरी नंतर उमगलं. मंगळाचा पृष्ठभागही बराचसा बेसॉल्टचाच. म्हणून मंगळावरची आणि चंद्रावरची विवरं समजून घेऊ पाहणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. पृथ्वीवरची बहुतेक उल्काविवरं दुसऱ्या जातींच्या खडकांत आहेत. बेसॉल्टमध्ये पडलेलं आणि इतकं नीट टिकलेलं विवर हे एवढंच. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका उतारावर उभं राहून आपण मंगळाचा भूगोल शिकू शकतो, हे मला आजही पुरतं पचत नाही.

तो दगड केवढा असेल? अशा आघातात दगडाच्या साधारण वीसपट रुंदीचं विवर पडतं असा ढोबळ हिशेब आहे. त्यावरून तो शंभर मीटरच्या आत-बाहेरचा असावा. आघात होताच तो स्वतः जवळजवळ पूर्णपणे वितळला आणि वाफ होऊन गेला, म्हणून विवराच्या तळाशी मोठी उल्का पुरलेली असेल ही समजूत सोडून द्यावी. उरलं ते उडालेल्या दगडमातीचं आवरण. काठापासून बाहेर दीडेक किलोमीटरपर्यंत ते पसरलं आहे, आणि त्यात वितळून थिजलेल्या काचेचे बारीक मणी सापडतात. चंद्रावरून आणलेल्या मातीतही असे मणी आहेत.

विवर कसं पडतं हे माणसाने मुद्दाम करूनही पाहिलं आहे. 5 एप्रिल 2019 रोजी जपानच्या ‘हायाबुसा-2’ या यानाने र्‍युगू नावाच्या लघुग्रहावर तांब्याचा गोळा डागला. वजन अवघं दोन किलो, वेग सेकंदाला दोन किलोमीटर. र्‍युगूवर साडेचौदा मीटर रुंदीचं विवर पडलं. तिथे गुरुत्वाकर्षण नगण्य, त्यामुळे माती अडवायला काही नव्हतं. लोणारला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण होतं, खाली टणक बेसॉल्ट होता, आणि तरीही दोन किलोमीटरांच्या जवळपास जाणारा खड्डा पडला. यावरून त्या आघाताची कल्पना करावी.

हे घडलं कधी, यावर दोन उत्तरं आहेत आणि त्यांत दहापटीचा फरक आहे. खडकात साठलेल्या आणि तापवल्यावर प्रकाशरूपाने बाहेर पडणाऱ्या ऊर्जेवरून केलेली मोजणी सांगते सुमारे 52 हजार वर्षं. वितळलेल्या खडकातल्या आर्गॉन वायूवरून केलेली, दहा-पंधरा वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेली मोजणी सांगते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं. मला दुसरी अधिक पटते. पण पहिली खरी ठरली तर लोणारच्या आकाशात तो लोळ पाहणारी माणसं आपल्यासारखीच असतील, आणि या विचाराने अंगावर काटा येतो.

आता खाली उतरू. गावाच्या बाजूने उतरताना आधी लागते धार. गोमुखातून बारमाही पडणारं हे पाणी गोड आहे, थंड आहे, आणि भाविक त्याखाली अंघोळ करतात. जवळच सीतान्हाणी आहे. प्रश्न पडतो तो असा की खाली खारं पाणी आणि वर अखंड गोड झरा, हे कसं? उत्तर पुन्हा बेसॉल्टच्या थरांत आहे. दोन लाव्ह्यांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात पावसाचं पाणी साठतं आणि हळूहळू वाहतं. आपल्या विहिरींना पाणी लागतं ते याच पट्ट्यांत. लोणारला उल्केने हे पट्टे आरपार कापले. कापलेल्या तोंडातून पाणी बाहेर पडू लागलं, ते आजही पडतं आहे. धारेखाली डोकं धरणारा माणूस म्हणजे एका कापलेल्या जलवाहिनीच्या तोंडाशी उभा असतो.

हेच गोड पाणी तळ्यात जातं आणि खारं होतं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषतं, किंचित आम्ल होतं आणि खडकातलं सोडियम, कॅल्शियम थोडं थोडं विरघळवून घेतं. हे तर सगळ्या विदर्भ-मराठवाड्यात चालू असतं. पण इतरत्र पैनगंगा, खडकपूर्णा यांसारख्या नद्या हे क्षार उचलून गोदावरीत टाकतात आणि गोदावरी ते समुद्रात नेते. लोणारच्या तळ्याला बाहेर जायला वाटच नाही. आत आलेलं पाणी फक्त उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललं आहे. समुद्र खारट होतो त्यातलं मोठं कारण हेच, म्हणून या तळ्याच्या काठाला मी किनारा म्हणतो.

पुढे मात्र लोणारची वाट समुद्राहून वेगळी होते. पाणी आटत जाताना कॅल्शियम कार्बोनेट आधी तळाला बसतं. पाण्यात उरतो तो सोडियम कार्बोनेट, म्हणजे पापडखाराच्याच जातीचा खार. त्यामुळे पाणी खारटही आहे आणि अल्कधर्मीही. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या जरा वर असतो, लोणारचा दहाच्या वर. या मापात एक अंक म्हणजे दहापट, हे लक्षात घेतलं तर हे पाणी समुद्राच्या जवळपास शंभरपट अल्कधर्मी ठरतं. याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. हळदीचं बोट ओढलेला कागद घ्यायचा आणि त्यावर तळ्याचे दोन थेंब टाकायचे. पिवळा रंग डोळ्यांदेखत लालभडक होतो. आपल्याकडे हळदीत खार मिसळून कुंकू करत आले, तीच ही रासायनिक क्रिया. शाळेची सहल घेऊन येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने चिमूटभर हळद बरोबर आणावी. मुलं हा रंग जन्मात विसरणार नाहीत.

या खाराने गावाला कधीकाळी उत्पन्नही दिलं. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त मेहकर सरकाराच्या वर्णनात लोणारची नोंद आहे, साबण आणि काच करायला लागणारा माल इथे मिळतो अशी. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावरचा क्षार गोळा करत. डल्ला, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावं होती. बांगड्यांची काच करणारे, कापड धुणारे आणि रंगवणारे हा माल नेत. उल्केने तयार केलेल्या खड्ड्यातला खार बायकांच्या मनगटावरच्या बांगड्यांत जात होता.

तळाशी कमळजा देवीचं देऊळ आहे. नवरात्रात इथे यात्रा भरते, एरवी शुकशुकाट असतो. देवळासमोर पाण्याच्या बाजूला सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं गावात सांगतात. गोड झरा आणि खारं तळं इथे इतके लगटून आहेत की ही गोष्ट मला मुळीच अशक्य वाटत नाही. तळ्याच्या काठाने आणि उतारांवर आणखी देवळं आहेत. रामगया, वाघ महादेव, मोर महादेव. काहींत वटवाघळं आणि काहींत झाडांची मुळं. झाडीत वानरं आणि मोर, वरच्या रानात क्वचित लांडगा.

तळ्यात मात्र वेगळीच वस्ती आहे. एरवी पाणी हिरवं दिसतं ते स्पिरुलिना जातीच्या सूक्ष्म जीवांमुळे. साध्या तळ्यातले बहुतेक जीव जिथे जगणार नाहीत, तिथे हे मजेत वाढतात. 2020 च्या जूनमध्ये तळं एकाएकी गुलाबी झालं आणि देशभर चर्चा उडाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं तेव्हा कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे तीव्र क्षारात राहणारे अतिसूक्ष्म जीव. पाऊस कमी, ऊन कडक, पाणी आटून क्षार दाटला आणि या जीवांची चलती झाली. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. पावसाचं पाणी आल्यावर रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर राज्यातलं हे दुसरं रामसर स्थळ.

तळाच्या गाळाने आणखी एक काम केलं आहे. पोट्सडामच्या जर्मन भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतीय सहकाऱ्यांसह या गाळाचा दहा मीटर लांबीचा गाभा काढून वाचला. त्यात सुमारे अकरा हजार वर्षांच्या मोसमी पावसाची जंत्री निघाली. गेलुसाइट नावाचे स्फटिक तळ्याचं पाणी फार आटलं तरच तयार होतात, आणि ते गाळाच्या ठरावीक थरांतच सापडले. त्यावरून दोन दीर्घ कोरडे कालखंड उमगले. पहिला 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा, म्हणजे सिंधूकाठची नगरं ओस पडू लागली त्या सुमाराचा. दुसरा 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचा. ज्या जिल्ह्यात दर दोन-चार वर्षांनी पावसाची वाट पाहून डोळे शिणतात, त्याच जिल्ह्याच्या पोटात पावसाची अकरा हजार वर्षांची वही आहे!

वर गावात परत आल्यावर दैत्यसूदनाचं देऊळ पाहिल्याशिवाय जाऊ नये. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने त्याला मारलं आणि त्याच्या बिळाचं तळं झालं, अशी इथली कथा. देऊळ ताऱ्याच्या आकाराच्या आराखड्यावर उभं आहे, बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत आणि आतल्या छतावर हीच कथा कोरलेली आहे. आत अंधार असतो, बॅटरी हवी. जमिनीत काहीतरी प्रचंड घडलं, त्यातून हा खड्डा झाला आणि त्याचं खारटपणाशी नातं आहे, एवढं त्या जुन्या कथाकारांना निरीक्षणाने कळलं होतं. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

गावापासून जवळच अंबर तळं आहे, छोटं लोणार म्हणतात ते. मुख्य उल्केचाच तुकडा पडून ते झालं असं पुष्कळजण मानतात, काही भूवैज्ञानिकांना ते मान्य नाही. काठावर निजलेल्या मारुतीचं देऊळ आहे.

एक दिवस आणखी असेल तर मेहकर आणि सिंदखेड राजा पाहावं. समृद्धी महामार्गामुळे दोन्ही गावं आता सोयीची झाली आहेत. मेहकरचा शारंगधर बालाजी 1888 साली जमिनीखाली सापडला. काळ्या पाषाणाची माणसाच्या दीडपटीहून उंच मूर्ती, कारागिरी अशी की अलंकारांचे पदर मोजता यावेत. सिंदखेड राजा हे जिजाऊंचं माहेर. 12 जानेवारीला इथे राज्यभरातून माणूस लोटतो. गर्दी नसताना मात्र लखुजीराव जाधवांची समाधी आणि मोती तलाव शांतपणे पाहता येतात.

2024 च्या जूनमध्ये या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांना आधी एका देवळाचा पाया लागला, आणि सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी 1.7 मीटर, उंची एक मीटर. विष्णू शेषावर पहुडलेला, लक्ष्मी पाय चेपते आहे, आणि पाटावर समुद्रमंथन कोरलेलं, त्यातून निघालेल्या रत्नांसह. दगड आपल्याकडचा बेसॉल्ट नाही. तो आहे दक्षिणेकडच्या शिल्पांत दिसणारा क्लोराइट शिस्ट, हाताला मऊ लागणारा, बारीक कामाला सोयीचा. समुद्र नसलेल्या या मुलखात कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी दूरचा दगड मागवून त्यावर समुद्र कोरून घेतला होता. एकाच जिल्ह्यात हे दोन खारे सागर. एक उल्केने केलेला आणि दुसरा छिन्नीने.

लोणारला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. रेल्वेने यायचं तर जालना स्टेशन सोयीचं. राहण्यासाठी पर्यटन महामंडळाचं निवास आहे. रात्र गावात काढावी आणि उजाडताच उतरावं, कारण ऊन चढलं की चढण जड जाते. वाटाड्या जरूर घ्यावा, तो देवळं आणि दगड दोन्ही दाखवतो. पायांत चांगले बूट, जवळ प्यायचं पाणी, आणि हळदीची पुडी.

हे अभयारण्य आहे, आणि 1979 पासून राष्ट्रीय भूवारसा स्थळही. गावाच्या सांडपाण्याने तळ्याचं बरंच नुकसान केलं, ते थांबवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत लढावं लागलं. तेव्हा खाली निर्माल्य, साबण, प्लास्टिक काहीही टाकू नका. आणि एक विनंती कळकळीची. काठावरचा जड काळा दगड किंवा मातीतला चमकता मणी खिशात घालावासा वाटेल, तो घालू नका. या विवराचं वय अजून पक्कं ठरायचं आहे, आणि ते ज्यांच्या आधारे ठरेल ते दगड जिथे पडले तिथेच राहायला हवेत.